लोकमान्यांनी शरीराला दिलेले एक वर्ष



१ ऑगस्ट जवळ आला की आमच्या कार्यालयात भाषणाचे कागद घेऊन मुलांची रांग लागते. दहापैकी आठ कागदांत शेंगांच्या टरफलांचीच गोष्ट असते. गोष्ट चांगली आहे, त्यात वाद नाही. पण बाळ गंगाधर टिळक नावाच्या मुलाने स्वतःच्या शरीरासाठी काय केले, ही गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. आज तीच सांगावी असे आम्ही ठरवले आहे. आपल्या गोडादऱ्यातील घराघरांना तिची आज फार गरज आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. मुलगा दहा वर्षांचा असताना, १८६६ मध्ये, वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब पुण्यास आले. थोड्याच काळात आई गेली आणि १८७२ मध्ये वडीलही गेले. मुलगा बुद्धीने तल्लख होता. गणित आणि संस्कृत यांत त्याचा हात धरणारे थोडे होते. प्रकृती मात्र अगदी किरकोळ. अंगावर मांस नाही आणि पोटाची तक्रार कायमची.

१८७३ मध्ये ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले. डोक्यावर आईवडिलांचे छत्र नव्हते, लग्न झालेले होते. असा मुलगा पहिल्या दिवसापासून पुस्तकात डोके घालून बसेल, असेच कोणालाही वाटले असते. टिळकांनी नेमके उलटे केले. कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घातले. पहाटे उठायचे, तालमीत जायचे, जोर-बैठका काढायच्या, कुस्ती खेळायची, नदीत पोहायचे, होडी वल्हवायची, भरपूर खायचे आणि खाल्लेले पचवायचे. अभ्यास मागे पडला आणि परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले. पण वर्ष संपले तेव्हा अंग भरले होते आणि पोटाची तक्रार गेली होती. पुढे गणित घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झालेच, कायद्याची पदवीही घेतली.

आता कोणी विद्यार्थी म्हणेल की मुख्याध्यापकच नापास व्हायला सांगतात! तसे नाही. वर्ष गमवावे असे आम्ही सांगत नाही. शरीर घडवायला वेळ द्यावा लागतो, तो फुकट मिळत नाही, एवढेच आम्ही सांगतो. टिळकांनी तो सोळा-सतराव्या वर्षी दिला. म्हणजे आपल्या अकरावीच्या मुलांच्या वयाला.

त्या मेहनतीचा हिशेब पुढे तुरुंगात झाला. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर मुंबईला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातले अन्न त्यांना मानवत नसे. वजन झपाट्याने उतरले. सप्टेंबर १८९८ मध्ये सुटले तेव्हा प्रकृती फार खालावली होती. ते सिंहगडावर जाऊन राहिले, मोकळ्या हवेत शरीर सावरले आणि त्याच डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेसला हजर झाले.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. वजन घटणे म्हणजे दर वेळी आरोग्य सुधारणे नव्हे. उपाशी राहून वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आजकाल काही मुली जेवण सोडून बारीक व्हायला बघतात. वाढीच्या वयात असे केल्याने अशक्तपणा येतो, पाळी अनियमित होते, हाडे कमजोर राहतात. वजन जास्त असेल तर ते हळूहळू उतरवावे. तळलेले आणि गोड कमी करावे, चालणे आणि व्यायाम वाढवावा, पण डाळ, भाजी, भाकरी, दूध सोडू नये.

यानंतर टिळकांची गाठ आपल्या सुरतशी पडते. १९०७ ची काँग्रेस आधी नागपूरला व्हायची होती, ती सुरतेला आणली गेली. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमध्ये मंडप पडला. २७ डिसेंबरला टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर चढले आणि गोंधळ उसळला. खुर्च्या फेकल्या गेल्या, काठ्या निघाल्या, एक मराठी जोडा व्यासपीठावर येऊन पडला. एक्कावन्न वर्षांचा हा माणूस हाताची घडी घालून जागच्या जागी उभा राहिला. कोण चूक, कोण बरोबर हा इतिहासाचा विषय आहे. पण तशा धुमश्चक्रीत पाय रोवून उभे राहायला मनाबरोबर शरीरही लागते.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईहून खास गाडीने त्यांना अहमदाबादला साबरमतीच्या तुरुंगात नेले. म्हणजे ज्या सुरतेत सात महिन्यांपूर्वी ते पुढारी म्हणून उभे होते, त्याच सुरतेवरून ते कैदी म्हणून गेले. सप्टेंबरात त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडालेला झाली.

तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह जडला होता. उन्हाळ्यात भाजून काढणारी आणि थंडीत गारठवणारी लाकडी फळ्यांची बराक, घरचे माणूस नाही, मनासारखे अन्न नाही. आणि औषध? मधुमेहावर त्या वेळी खात्रीचे औषधच नव्हते. इन्सुलिनचा शोध कॅनडातील टोरांटो येथे १९२१ मध्ये लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचले गेले. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीच वारले होते.

मग मंडालेत सहा वर्षे ते कसे टिकले? त्यांनी आपल्या खाण्यावर ताबा मिळवला. भात आणि गहू बाजूला ठेवून सातूच्या पिठाचे पदार्थ आणि दूध यांवर भर दिला. कुलकर्णी नावाचे सातारकडचे एक बंदिवान त्यांचा स्वयंपाक करीत. रोजच्या वेळा ठरलेल्या, खाणे मोजके. चवीचा प्रश्नच नव्हता. अशा स्थितीत १९१० च्या नोव्हेंबरपासून १९११ च्या मार्चपर्यंत त्यांनी शिसपेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी त्यांना तेथेच कळली. तेही त्यांनी सोसले. जून १९१४ मध्ये ते पुण्यास परत आले, १९१६ मध्ये होमरूलची चळवळ उभी केली, गावोगाव फिरले. १९१८ मध्ये बासष्टाव्या वर्षी विलायतेलाही गेले.

आज विज्ञान या गोष्टीचा उलगडा करू शकते. आपल्या शरीरात काही ग्रंथी असतात. त्यांतून जे रस थेट रक्तात मिसळतात त्यांना संप्रेरके, म्हणजे हार्मोन म्हणतात. इन्सुलिन हे त्यांपैकी एक. रक्तातील साखर पेशींत पोहोचवण्याचे दार ते उघडते. जेवणानंतरची ही साखर सर्वांत जास्त घेतात ते आपले स्नायू. स्नायू बळकट आणि कामात असले तर साखरेला जायला जागा मिळते. पोटावर चरबी साठली आणि बसणे वाढले की इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि साखर रक्तातच राहते. सातूसारख्या धान्यातील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश चढते. टिळकांना हे शास्त्र माहीत नव्हते. त्यांनी अनुभवाने आणि संयमाने वाट काढली.

येथे पालकांना हात जोडून विनंती आहे. टिळकांचे उदाहरण वाचून कोणी आपली गोळी किंवा इंजेक्शन बंद करू नये. त्यांच्याकडे औषध नव्हते, आपल्याकडे आहे. आहार, व्यायाम आणि डॉक्टरांचे औषध या तिन्ही गोष्टी सोबत चालल्या पाहिजेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात सुमारे १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या वस्तीतले वडील लूमवर बारा-बारा तासांची पाळी करतात, रात्रपाळीत चहावर चहा होतो. आया-बहिणी दिवसभर एका जागी बसून साड्यांवर टिकल्या लावतात. मेहनत खूप, पण झोप अपुरी आणि चालणे जवळजवळ नाही. म्हणून पस्तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातील साखर जरूर तपासून घ्यावी.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी वेगळे दोन शब्द. आपल्या वस्तीत जागोजागी जिम निघाल्या आहेत. व्यायाम करा, आम्हाला आनंदच आहे. पण तीन महिन्यांत शरीर बनवून देतो असे सांगून कोणी गोळी किंवा इंजेक्शन पुढे केले तर सरळ घरी निघून या. स्टिरॉइड नावाची ही औषधे बाहेरून पुरुषी संप्रेरक देतात. मग शरीर स्वतःचे संप्रेरक बनवणे कमी करते. तुमच्या वयात त्यांनी उंची कायमची खुंटू शकते. यकृत आणि हृदय यांना धोका होतो तो वेगळाच. पावडरच्या डब्यासाठी घरात हट्ट धरू नका. चणे, शेंगदाणे, मूग, मटकी, दूध आणि ज्यांच्याकडे चालते त्यांच्याकडे अंडी, यांतून तुमच्या वयाला लागणारी प्रथिने मिळू शकतात. रात्री मोबाईल वेळेवर ठेवा. गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक जास्त स्रवते, म्हणून झोप हाही व्यायामाचाच भाग आहे.

टिळकांकडे पावडर नव्हती. त्यांच्याकडे तालीम होती, नदी होती आणि एक वर्षाचा निश्चय होता. त्या एका वर्षावर त्यांनी चाळीस वर्षे काढली. म्हातारपणी रोग आला तेव्हा जिभेवर लगाम घातला. तारुण्यात कमवायचे आणि उतारवयात जपायचे, दोन्ही त्यांनी केले.

काही पालकांनी सुचवले आहे की दहावीच्या वर्गाचा शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला द्यावा. त्यांची काळजी आम्ही समजतो. बोर्डाचे वर्ष आहे, क्लासची फी परवडत नाही, गुणांवर पुढचे सगळे आहे. तरीही हा तास आम्ही काढणार नाही. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. आपल्या मुलांना शाळेत त्यातली थोडीच मिळते आणि घराच्या गल्लीत खेळायला जागा नाही. गणिताचा जादा तास आम्ही शाळा भरण्याआधी घेऊ. त्यासाठी मुलांना अर्धा तास लवकर पाठवा, एवढे सहकार्य द्यावे.

या वेळी टिळकांवर भाषण करणाऱ्या मुलांनी टरफलांसोबत तालमीचीही गोष्ट सांगावी. आणि सांगण्याआधी निदान आठवडाभर रोज वीस बैठका काढून पाहाव्यात. मग भाषणात जोर आपोआप येईल.

आपले,
मुख्याध्यापक