विहिरी खणणाऱ्या रमाबाई

आजचं वाचन: उत्पत्ती २६:१२–२२

प्रियांनो, आजच्या भागात एकच काम पुन्हा पुन्हा येतं: विहीर खणणं. देशात दुष्काळ आहे, तरी देवाच्या शब्दावर इसहाक मिसरात जात नाही. आहे तिथेच पेरतो आणि पलिष्ट्यांनी बुजवलेल्या बापाच्या विहिरी उकरून काढतो. नव्या विहिरींवरून भांडणं होतात, तेव्हा त्या सोडून आणखी एक खणतो. हे वाचताना मला दर वेळी पंडिता रमाबाई आठवतात.

विदुषी, समाजसुधारक, बायबलच्या भाषांतरकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी जमीन आणि पाणी कसं राखलं, हे मात्र मंडळीत क्वचितच ऐकायला मिळतं.

त्यांचा जन्म १८५८ सालचा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तिथे आश्रम बांधला होता. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रेला लागलं आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण उपासमारीने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्याच वर्षी पुण्याला आलं.

सदनाला अमेरिकेतून मदत मिळायची, पण बोली दहा वर्षांचीच होती. त्यानंतर काय? रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळझाडं लावायची आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा विचार होता. भाग कमी पावसाचा, त्यामुळे विहिरी खणणं आलंच.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः भूक सोसलेल्या रमाबाई तिथे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. मुली शेती, गाईगुरं, विणकाम, छपाई शिकल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातच्या मुली आल्या आणि माणसं झाली १,९०० च्या आसपास, शिवाय शंभरावर गुरं आणि भाजीचा मळा. वापरातल्या विहिरी दोनच. संध्याकाळी त्यांचा तळ दिसायचा, सकाळी पुन्हा पाणी आलेलं असायचं. मुक्तीत याला देवाचं देणं मानत, आणि प्रार्थनेबरोबर कुदळही चालूच असे.

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे विहीर आटली की बोअर घेतात, तो आटला की शेजारी त्याहून खोल. जमिनीत मुरलं किती याचा हिशेब कुणी ठेवत नाही. हे भावी पिढीच्या नावावर काढलेलं कर्जच आहे. पाणी नाही म्हणून शेत पिकत नाही, म्हणून दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं ऊसतोडीला जातात. मग कितीतरी मुलींची शाळा सुटते, कारण कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी लागतं. म्हणजे पाण्याचा प्रश्न आणि मुलींचा प्रश्न एकच. केडगावलाही तो एकच होता. रमाबाईंनी जमीन घेतली ती मुलींसाठीच, आणि ती जमीन मुलींच्याच हातांनी कसली गेली.

आता आपल्या मंडळीचं बघा. चर्चला छप्पर आहे, आवार आहे, कुठे जुनी विहीरही आहे. साधं गणित करू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २०० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर १,२०,००० लिटर. थोडं वाया गेलं तरी बरंच उरतं. पन्हळ, पाइप आणि गाळणीचा खड्डा केला की हे पाणी विहिरीत सोडता येतं. या रविवारी उपासनेनंतर तरुण संघाने टेप घेऊन छप्पर मोजावं, आणि आकडा पाळकांसमोर आणि पंचांसमोर ठेवावा.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. मुक्ती मिशन केडगावात आजही आहे.

प्रार्थना: हे प्रभू, तू दिलेलं पाणी आम्हाला जपायला शिकव. ज्यांच्या वाट्याला ते येत नाही, त्यांची आठवण ठेवायला शिकव. खणायला बळ दे. आमेन.