पाटीपासून सुरू झालेला संसार

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी माझ्या मनात बरीच वर्षे एक अढी होती. विधवाविवाहाचा जाहीर कैवार घेणारा हा थोर पुरुष. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. आता ते एखाद्या विधवेशीच लग्न करतील, अशी साऱ्या पुण्याची अटकळ होती. वडिलांना तीच धास्ती होती. त्यांनी हट्ट धरला, आणि एकतीस वर्षांच्या माधवरावांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. मग बोलणे आणि वागणे यांचा मेळ कुठे राहिला? लोकांनी तेव्हाही हेच विचारले होते.

माझी अढी सैल केली ती त्या अकरा वर्षांच्या मुलीनेच. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. पती जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. आपल्या माणसाचे मोठेपण सांगायला बसलेल्या या बाईंनी लग्नाची ती गोष्ट झाकून ठेवलेली नाही. वडिलांचा शब्द मोडवला नाही म्हणून माधवराव बोहल्यावर उभे राहिले, पण ते लग्न त्यांच्या मनाला लागून राहिले होते, हे त्या सरळ सांगतात.

देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांकडून आलेल्या या मुलीला अक्षरओळख नव्हती. बाईने पुस्तक हातात धरले की नवऱ्याचे आयुष्य कमी होते, असे मानणारा तो काळ. माधवरावांनी तिला स्वतः शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इंग्रजी. न्यायालयाचे काम, सार्वजनिक सभा, प्रार्थना समाज हे सगळे सांभाळून रात्री पाटी-पुस्तक निघायचेच. घरातल्या बायकांनी मात्र तिला टोमणे मारून हैराण केले. माधवराव घरात कुणाशी भांडले नाहीत, त्या बायकांना दुखावलेही नाही. पण शिकवणेही थांबवले नाही. त्या मुलीने मुकाट्याने किती सोसले, हे वाचताना आजही जीव कळवळतो. शांत स्वभावाची किंमत पुष्कळदा घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते!

बदल्या आणि फिरती तर पाचवीला पुजलेली. पुणे, नाशिक, धुळे. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्याच्या कामासाठी तर गावोगाव हिंडणे आले. अशा फिरतीत रमाबाई बरोबर असत. नाशिकला त्या पहिल्यांदा सभेत बोलल्या, ते भाषण माधवरावांनी लिहून दिले होते. १८८६ साली सरकारी समितीच्या कामासाठी दोघे कलकत्त्याला गेले. तिथे माधवराव बंगाली शिकू लागले, तेही हजामत करायला आलेल्या न्हाव्याला शब्द विचारत! रमाबाईंनी थट्टा केली खरी, पण पुढे त्याही त्यांच्याकडून बंगाली शिकल्या. लिहून दिलेले भाषण वाचणारी मुलगी एव्हाना नवऱ्याची थट्टा करण्याइतकी मोकळी झाली होती.

तरी सगळे गोड नव्हते. पंचहौद मिशनमधल्या चहावरून पुण्यात वादळ उठले. अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी माधवरावांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते मुळीच रुचले नाही, आणि तेही त्यांनी लिहून ठेवले आहे. नवऱ्याची माघार दिसणे आणि ती सांगता येणे, हे बळ त्यांना माधवरावांनीच तर दिले होते.

१८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी गेले. वय अवघे अठ्ठावन्न. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही आत होत्या. काही काळ त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. पण १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. विधवा, परित्यक्ता आणि गृहिणी तिथे लिहावाचायला शिकल्या, परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. १९२४ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, रमाबाई त्या कामात होत्या.

१८७३ सालचे ते लग्न चूकच होते, असे मला अजूनही वाटते. पण एका विधवेशी लग्न करायचे जे माधवरावांना साधले नाही, त्याची परतफेड त्यांच्या माघारी त्यांच्या विधवेने केली, तीही शेकडो बायकांना पायावर उभे करून. तिच्या हाती पाटी दिली होती ती माधवरावांनी. आता न्याय करायला बसले की माझा हात जरा अडखळतो.