पाच तासांचं आकाश

तुम्हाला विमानांचं वेड असेल, तर ही सवय नक्की असणार. डोक्यावरून विमान गेलं की आधी मोबाइलवर ॲप उघडायचं आणि ते कुठून कुठे चाललंय ते बघायचं. मग जगातलं सगळ्यात छोटं विमानोड्डाण कोणतं, हेही तुम्हाला ठाऊक असेल. स्कॉटलंडजवळच्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं! जेमतेम दीड-दोन मिनिटांचं. सीटबेल्ट लावेपर्यंत उतरायची वेळ.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याला ती दीड मिनिटंसुद्धा कधी मिळाली नाहीत. तो काही सेकंद उडायचा. खाली उतरला की २० किलोचे पंख घेऊन पुन्हा टेकडी चढायचा आणि पुन्हा उडी मारायचा. पाच वर्षांत अशी किमान २००० उड्डाणं! आणि ती सगळी मिळून हवेतला वेळ किती? साधारण पाच तास. पुण्याहून एसटीने कोल्हापूरला जायला जवळपास तेवढा वेळ लागतो.

ओटो लिलिएन्थाल. नाव नीट लक्षात ठेवा.

रात्री पळणारी दोन पोरं

ओटोचा जन्म २३ मे १८४८चा, आजच्या जर्मनीच्या उत्तरेकडल्या आन्क्लाम या गावातला. आई-वडिलांना आठ मुलं झाली, पण जगली तिघंच. १८६१ मध्ये वडीलही गेले आणि घर आईने सावरलं. गावाबाहेरच्या कुरणात करकोचे उतरायचे. ओटो आणि त्याचा धाकटा भाऊ गुस्टाव्ह तासन् तास त्यांच्याकडे बघत बसायचे. एवढा जड पक्षी उडताना वाऱ्याच्या दिशेने पळत नाही, वाऱ्याला तोंड देऊन पळतो, हे त्यांनी तिथेच टिपलं.

मग दोघांनी लाकडी पट्ट्यांचे पंख बनवले आणि हाताला बांधून टेकाडावरून पळाले. तेही रात्री. का? शाळेतली पोरं हसतील म्हणून! ते पंख काही उडाले नाहीत. डोक्यातला किडा मात्र गेला नाही.

पुढे ओटोने बर्लिनमध्ये इंजिनिअरिंग केलं, १८७०-७१च्या युद्धात सैनिक म्हणून जाऊन आला, आग्नेस नावाच्या मुलीशी लग्न केलं, चार मुलं झाली. छोटी वाफेची इंजिनं आणि बॉयलर बनवायचा त्याचा कारखाना होता. तिथल्या कामगारांना तो नफ्यातला २५ टक्के वाटा द्यायचा. कामगारांना परवडेल अशा तिकिटात नाटक बघता यावं म्हणून त्याने बर्लिनमधल्या एका थिएटरलाही हातभार लावला. थोडक्यात, सगळं सोडून वेड्यासारखा आकाशामागे लागलेला माणूस हा नव्हे. दिवसा नोकरी-धंदा, उरलेल्या वेळात पंख.

आधी मोजलं, मग उडाला

त्या काळात उडायची स्वप्नं बघणारे पुष्कळ होते. बरेच जण एकदम मोठं यंत्र बांधायचे आणि ते जमिनीवरच बसायचं. ओटोने उलटं केलं. एका फिरत्या दांड्याला वेगवेगळ्या आकारांचे पृष्ठभाग लावून हवा त्यांना किती उचलते, हे तो आणि गुस्टाव्ह वर्षानुवर्षं मोजत राहिले. सपाट फळीपेक्षा किंचित कमानदार पंखाला हवा जास्त उचलून धरते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उडण्यावरचं त्याचं पुस्तक आलं. ते फारसं खपलं नाही. पण तोवर पुढची पायरी त्याला दिसली होती : आता स्वतः उडायचं.

१८९१ मध्ये पॉट्सडॅमजवळच्या डेर्वित्स गावात तो साधारण २५ मीटर तरंगला. पंख विलोच्या काठ्यांचे, त्यावर सुती कापड ताणलेलं. दोन्ही हातांवर शरीर तोलायचं, पाय खाली लोंबकळत. डावीकडे झुकायला लागलं की पाय उजवीकडे फेकायचे. सुकाणू म्हणजे स्वतःचं शरीर!

१८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला चक्क स्वतःसाठी टेकडी बांधून घेतली. १५ मीटर उंच आणि सगळीकडून उतरती. कारण सोपं आहे. वारा कुठूनही येवो, त्याच्याकडे तोंड करून उडी मारता यायला हवी. करकोच्याचाच धडा! लांब उडायचं असेल तर तो रिनो गावाजवळच्या टेकड्यांवर जायचा. तिथून त्याने २५० मीटरपर्यंत मजल मारली. हवेत लटकलेल्या त्या माणसाचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. माणूस पंखांवर तरंगू शकतो, हे लोकांना पहिल्यांदाच फोटोत दिसलं.

शेवटची उडी

९ ऑगस्ट १८९६, रविवार. रिनोजवळचीच गोलेनबर्ग टेकडी. एका उड्डाणात ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग संपला. ओटोने अंग पुढे झोकून बघितलं, पण उपयोग झाला नाही. सुमारे १५ मीटरवरून तो कोसळला आणि त्याची मान मोडली. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये तो गेला. वय ४८. घरी आग्नेस आणि चार मुलं.

इथे जरा थांबूया. अशा गोष्टीत आपण मरणालाही टाळ्या वाजवून मोकळे होतो. पण नुसतं शरीर झुकवून वाऱ्याच्या झोताला प्रत्येक वेळी उत्तर देता येत नाही, ही त्याच्या पद्धतीतली खरी उणीव होती. आणि तिची किंमत त्याने व त्याच्या घरच्यांनी मोजली.

अमेरिकेत सायकली बनवणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या भावांनी ही मृत्यूची बातमी वाचली आणि उडण्याचा विषय त्यांच्या डोक्यात पुन्हा जागा झाला. ओटोचे आकडे त्यांनी हाताशी घेतले. १९०१ मध्ये त्यांचं ग्लायडर अपेक्षेइतकं उचललं जाईना, तेव्हा त्यांना ओटोच्याच आकड्यांचा संशय आला. म्हणून त्यांनी छोटा वातबोगदा बनवून सगळं पुन्हा मोजलं. ओटोचे आकडे बऱ्यापैकी बरोबर निघाले! चूक निघाली ती दुसऱ्याच एका जुन्या आकड्यात. शरीर झुकवण्याऐवजी पंखच वळवायची युक्तीही त्यांनी काढली. १७ डिसेंबर १९०३ला त्यांचं इंजिनवालं विमान १२ सेकंद उडालं, साधारण ३७ मीटर. म्हणजे ओटोच्या लांब उडीपेक्षा कितीतरी कमी. ओटोचे ते पाच तास मोजले कुणी, माहितीये? विल्बर राइटनेच. एवढ्याशा सरावात हा माणूस इतकं शिकला, याचंच त्याला नवल वाटलं.

आणि विमानवेड्यांनो, हे खास तुमच्यासाठी. २३ ऑक्टोबर १९८९ला बर्लिनच्या शोनेफेल्ड विमानतळावरून इल्युशिन-६२ हे चार इंजिनांचं भलंमोठं प्रवासी विमान निघालं आणि थोड्याच वेळात त्याच गोलेनबर्गच्या पायथ्याशी, साधारण ९०० मीटरच्या गवताळ पट्टीवर उतरलं. एरवी त्याला याच्या दुपटीहून लांब धावपट्टी लागते. ते त्याचं शेवटचं उड्डाण. ते आजही तिथेच उभं आहे. कधी जर्मनीला गेलात तर नक्की बघा. ओटो पडला ती टेकडी शेजारीच आहे.

विमानाचं नाव आहे ‘लेडी आग्नेस’.