धनाग्र, ऋणाग्र आणि लोहाराचा मुलगा

वाशीम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीर येथील महाविद्यालयांत विज्ञान शाखेकडे वळणारे अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेले असतात. विद्युत अपघटनाचा धडा त्यांनी शाळेतच वाचलेला असतो. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवावयाच्या. घटमालेच्या धन टोकाला जोडलेली पट्टी ती धनाग्र, ऋण टोकाला जोडलेली ती ऋणाग्र, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. पुढे बी.एस्सी.च्या वर्गात विद्युत-रसायनशास्त्राला आरंभ होतो आणि डॅनियल घटाच्या आकृतीपाशी गाडी अडते. तेथे जस्ताच्या कांडीला ॲनोड म्हटलेले असते आणि शेजारी ऋणचिन्ह काढलेले असते. ॲनोड म्हणजे धनाग्र, असे शाळेने शिकविलेले. तेव्हा धनाग्र ऋण आहे, असा अर्थ झाला! विद्यार्थी हा अर्थ मुकाट्याने गिळतो, परीक्षेपुरता पाठ करतो आणि विषय अवघड आहे असा समज करून घेतो.

यात दोष विद्यार्थ्याचा नाही आणि शिकविणाऱ्या प्राध्यापकाचाही नाही. तो एका पारिभाषिक शब्दाचा आहे. मूळ शब्द ज्यांनी मोठ्या विचाराने घडवून घेतला, त्या मायकेल फॅरडे यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी, त्या वेळी लंडनच्या सीमेवर असलेल्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. वडील लोहार होते, आणि तेही प्रकृतीने अधू. शाळेत वाचन, लेखन व थोडे अंकगणित एवढेच पदरी पडले. चौदाव्या वर्षी मायकेल जॉर्ज रिबो नावाच्या ग्रंथविक्रेत्याकडे पुस्तकबांधणी शिकण्यास उमेदवार म्हणून राहिला. बांधणीस आलेली पुस्तके वाचण्यास मालकाची आडकाठी नव्हती, ही त्याच्या आयुष्यातील मोठी मिळकत. ब्रिटिश विश्वकोशातील विजेवरील लेख त्याने असाच वाचला. जेन मार्सेट या विदुषीने सामान्य वाचकांसाठी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याच्या हाती पडले. ते पुस्तक सोप्या इंग्रजीत, म्हणजे त्याच्या मातृभाषेत होते, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

व्होल्टाची विद्युत्-चिती १८०० साली जगापुढे आली होती. १८१२ च्या जुलै महिन्यात फॅरडे यांनी तशी एक चिती स्वतः रचली. सात अर्ध्या पेनीची नाणी, जस्ताच्या पत्र्याच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजविलेले कागदाचे सहा तुकडे, एवढेच साहित्य. त्या चितीने त्यांनी मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचे अपघटन घडवून आणले. त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकता आली. विजेच्या साहाय्याने पोटॅशियम व सोडियम प्रथम वेगळे करणारे हेच डेव्ही. फॅरडे यांनी व्याख्यानांची टिपणे सुवाच्य अक्षरात लिहिली, स्वतःच्या हाताने बांधली आणि नोकरीच्या विनंतीसह डेव्ही यांच्याकडे पाठविली. योगायोग असा, की प्रयोगशाळेतील साहाय्यक मारामारीच्या प्रकरणात कामावरून गेला, आणि मार्च १८१३ मध्ये ती जागा या पुस्तकबांधणाऱ्याला मिळाली.

त्यानंतर डेव्ही यांच्यासमवेत त्यांनी दीड वर्ष युरोपचा प्रवास केला. त्यात मिलान येथे वृद्ध व्होल्टा यांचे दर्शन घडले. तसेच डेव्हीबाईंनी नोकराप्रमाणे वागविल्याचा अपमानही सोसावा लागला. १८२४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, पुढील वर्षी प्रयोगशाळेचे संचालक झाले. १८३१ मधील विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध सर्वांना ठाऊक आहे. त्यावर येथे थांबण्याचे कारण नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची वर्षे १८३२ ते १८३४ ही होत. विजेने पदार्थाचे अपघटन होते हे तोपर्यंत माहीत होते. पण किती विजेने किती पदार्थ, याचा हिशेब कोणी बसविला नव्हता. फॅरडे यांनी पट्ट्यांचे आकार बदलले, द्रावणे बदलली, विजेचे उगम बदलले, आणि सुटणारा पदार्थ केवळ विजेच्या परिमाणाशी बांधलेला आहे हे दाखविले. तीच वीज वेगवेगळ्या द्रावणांतून नेली, तर पदार्थांचे प्रमाण त्यांच्या रासायनिक सममूल्यांनुसार ठरते. आजच्या भाषेत सांगावयाचे, तर ९६,४८५ कूलंब विजेने सुमारे १०८ ग्रॅम चांदी, ३१.८ ग्रॅम तांबे किंवा १ ग्रॅम हायड्रोजन सुटतो. हा आकडा आपले विद्यार्थी फॅरडे स्थिरांक म्हणून पाठ करतात. उच्च गणित ज्यांना कधी आले नाही, अशा गृहस्थाच्या नावाने तो ओळखला जातो.

नियम हाती आले, पण ते मांडण्यास शब्द नव्हते. त्या काळी पट्ट्यांना ध्रुव म्हणत. चुंबकाचा ध्रुव जसा लोखंडाला ओढतो तशी ही टोके पदार्थाला ओढतात, अशी कल्पना त्या शब्दात गृहीत होती, आणि प्रयोगांवरून फॅरडे यांना ती मान्य नव्हती. वीज म्हणजे काय, ती कोणत्या दिशेने वाहते, एक आहे की दोन, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा उद्याच्या शोधाने खोटी ठरेल अशी कोणतीही कल्पना ज्यात दडलेली नाही, असे शब्द त्यांना हवे होते. स्वतःला ग्रीक येत नव्हते. त्यांनी संकोच न करता केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील विद्वान विल्यम व्ह्यूवेल यांना पत्र लिहिले. एप्रिल-मे १८३४ मधील या पत्रव्यवहारातून ॲनोड, कॅथोड आणि आयन हे शब्द कायम झाले. मित्रांनी प्रथम नाके मुरडली. परंतु व्ह्यूवेल यांच्या नावाची ढाल पुढे करताच विरोध मावळला, असे फॅरडे यांनीच पुढे मिस्कीलपणे कळविले.

या शब्दांमागील कल्पना विलक्षण साधी आहे. अपघटन होणारा पदार्थ आपल्यापुढे असा ठेवला आहे, की त्यातील प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या वाटेने जातो, असे मानावयाचे. प्रवाह जेथून द्रावणात शिरतो ते उगवतीकडचे टोक, म्हणजे वर चढणारी वाट, तो ॲनोड. जेथून बाहेर पडतो ते मावळतीकडचे टोक, म्हणजे खाली उतरणारी वाट, तो कॅथोड. धन वा ऋण या चिन्हांचा यात संबंधच नाही. म्हणून ही नावे मोरचुदाच्या अपघटनाला लागू पडतात तशीच डॅनियल घटालाही लागू पडतात. त्या घटात द्रावणातील प्रवाह जस्ताकडून तांब्याकडे जातो. म्हणून जस्त हा ॲनोड, मग त्याचे चिन्ह ऋण का असेना. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मध्ये, फॅरडे यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी लागला, तरी या शब्दांना धक्का बसला नाही.

आपण मात्र भाषांतर करताना नेमके तेच केले, जे फॅरडे यांनी टाळले होते. धनाग्र या शब्दात चिन्ह कोंबले गेले. शाळेतल्या प्रयोगापुरते ते खपून जाते, कारण तेथे ॲनोड धनच असतो. विद्यापीठात घट येतो, संचायक येतो, आणि शब्द उलटतो. खिशातल्या भ्रमणध्वनीच्या बॅटरीतील धन टोक वापराच्या वेळी कॅथोड असते आणि भारण करताना तेच ॲनोड बनते, चिन्ह न बदलता. हे वाक्य धनाग्र-ऋणाग्राच्या भाषेत लिहून पाहावे. लिहिताच येत नाही. मराठीतून विज्ञान शिकविता येत नाही असे म्हणणाऱ्यांना हा पुरावा वाटेल, परंतु तो तसा नाही. धनाग्र व ऋणाग्र हे शब्द केवळ धन व ऋण टोकांसाठी राखावेत, आणि ॲनोड व कॅथोड हे ऑक्सिजनप्रमाणे जसेच्या तसे देवनागरीत घ्यावेत, अथवा उगवती-मावळतीवरून नवे शब्द करावेत. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलाला शेताचा उगवतीकडचा धुरा कोणता, हे सांगावे लागत नाही.

फॅरडे यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले, सरदारकीही स्वीकारली नाही. उतारवयात स्मृती त्यांना दगा देऊ लागली. व्हिक्टोरिया राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरी २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या हायगेट दफनभूमीत त्यांची साधी समाधी आहे.

त्यांची पहिली चिती आजही कोणत्याही महाविद्यालयात तासाभरात रचता येईल. आपली आजची नाणी शुद्ध तांब्याची नसतात, म्हणून तांब्याच्या सात चकत्या कापून घ्याव्या लागतील. जस्त जुन्या टॉर्चच्या सेलच्या वेष्टणातून मिळते. मीठ आणि टीपकागद यांना तोटा नाही. तिच्यातील जस्ताला ॲनोड का म्हणावयाचे, हे मग विद्यार्थ्याने चिन्ह न पाहता, प्रवाह कोठून द्रावणात शिरतो ते पाहून स्वतःच ठरवावे.