न्यूमोनियाची शुश्रूषा आणि रमाबाई रानडे

रमाबाई रानडे हे नाव अनेकांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून किंवा ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे ठाऊक असते. रुग्णालयाच्या वॉर्डाशी असलेले त्यांचे नाते मात्र फारसे सांगितले जात नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे १८६२ मध्ये कुर्लेकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पतीने शिकवले आणि घरातल्या बायकांची बोलणी सोसत त्या मराठी, पुढे इंग्रजीही शिकल्या. जानेवारी १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. त्यानंतर काही काळाने रमाबाई पुण्यात तुरुंगातल्या स्त्रियांना भेटू लागल्या, रुग्णालयात फळे, फुले, पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासोबत त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. स्त्रियांना, विशेषतः विधवांना, स्वतःच्या पायावर उभे करणे हा त्यामागचा हेतू होता. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी सेवासदनने वसतिगृहही चालवले.

त्या काळात हे काम हलके मानले जाई. परक्या पुरुषाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रुग्णाचा बेडका आणि मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे! सोवळ्या-ओवळ्याच्या समाजात मुलीला तिकडे धाडणे म्हणजे घराण्याची अब्रू घालवणे. सेवासदनच्या एका बक्षीस समारंभात केशवपन केलेली एक विधवा व्यासपीठावर येताच गॅलरीतील विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाईंनी समारंभाच्या शेवटी त्या शिकलेल्या तरुणांना भर सभेत खडसावले.

तेव्हा न्यूमोनियाचे जंतू मारणारे खात्रीचे औषध नव्हते. या आजारात फुप्फुसातील वायुकोश पू आणि द्रवाने भरतात, प्राणवायू रक्तात जाईनासा होतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत बहुतेक बळी न्यूमोनियानेच घेतले. पेनिसिलिन वॉर्डात आले ते १९४० च्या दशकात. रमाबाई १९२४ मध्येच गेल्या होत्या. त्यांच्या हयातीत असा रुग्ण वाचला, तर तो बहुतांशी स्वतःच्या ताकदीवर आणि रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या बाईच्या कष्टांवर. ताप उतरवणे, घोट घोट पाणी पाजणे, कूस बदलणे, श्वास मोजणे एवढेच हाती होते.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती, पुण्याचे हे वारे इथवर सहज पोचण्यासारखे नव्हते. आज हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात प्रतिजैविके आहेत, ऑक्सिजन आहे. तरीही सेनगाव किंवा औंढ्याहून धाप लागलेल्या आजोबांना आणले, तर सलाईन लावल्यानंतरचे अर्धे उपचार सिस्टरच्याच हाती असतात. पाठीशी उशा देऊन रुग्णाला अर्धवट बसवले की छाती नीट फुगते. स्वतःहून हलता न येणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. दीर्घ श्वास घ्यायला आणि खोकून बेडका काढायला लावले की छाती मोकळी होते. तोंड रोज स्वच्छ केले तर तिथले जंतू फुप्फुसात उतरण्याचा धोका घटतो.

नातेवाईक नेमके याच्या उलट करतात. दमला म्हणून रुग्णाला सपाट झोपवतात, झोपल्या झोपल्याच चमच्याने पेज भरवतात, खाटेभोवती गर्दी करतात. पेज श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया आणखी बळावतो. भरवायचे ते बसवून आणि पूर्ण जागे असतानाच.

सिस्टर पुन्हा पुन्हा श्वास मोजते त्यालाही अर्थ आहे. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. तो ३० च्या वर गेला, ओठ निळसर दिसले किंवा म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ताप नसला तरी तत्काळ सांगावे. अशा वेळी तासाभराचा उशीरही महागात पडतो.

रमाबाई डॉक्टर नव्हत्या, त्यांनी औषध शोधले नाही. चांगल्या घरातल्या मुलीने रुग्णाच्या उशाशी उभे राहणे हे मानाचे काम आहे, हे मात्र त्यांनी समाजाला पटवत नेले. आज वॉर्डात सिस्टरशी चढ्या आवाजात बोलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.