रिकाम्या तिजोरीचे दिवाण : दिनकरराव राजवाडे

तिजोरीत खडखडाट झाला म्हणजे कारभाऱ्याची कात्री प्रथम कोठे चालते, यावरून त्याची पारख होते. ग्वाल्हेरच्या दिनकरराव राजवाड्यांनी ती आपल्याच पगारावर चालविली.

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, २० डिसेंबर १८१९ चा. वाडवडील शिंदे सरकारच्या चाकरीत असल्यामुळे पंधराव्या वर्षीच तेही दरबारात रुजू झाले, आणि पुढे तंवरघारच्या सुभ्याचा कारभार पाहू लागले. तेथे पोलीस व वसूल या दोन्ही खात्यांची घडी त्यांनी नीट बसविली, तीच पुढे उपयोगी पडली.

१८४३ च्या डिसेंबरात महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांच्या फौजेचा पराभव झाला. नंतरच्या तहाने अठरा लाखांचा मुलूख कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी तोडून द्यावा लागला, दरबारची फौजही कमी करावी लागली. उत्पन्न घटले, पण मानकरी, कारकून, शिलेदार तेवढेच. असंतुष्ट शिपाई मोकाट, जमाखर्चाचा मेळ नाही, हुकमाला वजन नाही. अशा वेळी, १८५१-५२ च्या सुमारास, दिवाणगिरीची वस्त्रे दिनकररावांच्या अंगावर आली.

तूट भरून काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे रयतेवर आणखी एक पट्टी बसविणे. त्यांनी उलट केले. रयतेला नागवणारे जाचक कर त्यांनी उठविले. आधीच पिचलेल्या कुळावर पट्टी वाढविली तर ते नांगर सोडून शेजारच्या मुलुखात जाते, मग पडीक रानातून सारा कोण भरणार? हा हिशेब सुभ्यात वावरलेल्या माणसाला दफ्तरात बसलेल्यापेक्षा लवकर कळतो. खर्चाच्या बाजूस त्यांनी पगार कमी केले, स्वतःच्या पगारासकट. लोकोपयोगी बांधकामे मात्र चालू ठेवली. तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली.

ज्यांचे पगार उतरले त्या घरांतून दिवाणसाहेबांना दुवा मिळाला असेल, असे मानण्याचे कारण नाही. काटकसर कितीही शहाणी असली तरी कोणाच्या तरी चुलीपाशी जाऊन पोचतेच. परंतु ती दिवाणाच्या चुलीपासून निघाली, एवढे मान्य करावे लागेल.

१८५७ चा वणवा आला. कंटिंजंट उठले, तरी जयाजीराव महाराज व दिवाण इंग्रजांच्या बाजूस राहिले. त्याबद्दल आज मतभेद आहेत आणि ते राहतील. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे व झाशीची राणी चालून येताच दरबारची फौजही त्यांना मिळाली. महाराज आणि दिवाण आग्ऱ्याच्या किल्ल्यात गेले. मागे राहिलेल्या शिंद्यांच्या खजिन्यातून रावसाहेबांनी फौजेचे पगार वाटले. पगार उतरवून ज्या तिजोरीची तूट मिटविली, तिच्यातूनच हे पगार निघाले.

स्थिरस्थावर झाल्यावर १८५९ च्या डिसेंबरात दिनकररावांनी दिवाणगिरी सोडली. पुढे ते हिंदुस्थानच्या कायदेकौन्सिलात बसले, राजा हा वंशपरंपरागत किताब व जहागीर मिळाली, आणि १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या चौकशी कमिशनवर त्यांची नेमणूक झाली. ९ जानेवारी १८९६ रोजी ते निवर्तले.