वॉरिंग्टन: टँकचं पाणी न बदलणारा माणूस

सोलापुरात कुणी डिस्कस पाळायचं म्हटलं की मी आधी रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्याबद्दल सांगतो. इथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे बदलायचं टळलं तर बरंच, असं सगळ्यांना वाटतं. या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनाही तेच हवं होतं.

जन्म 1807 चा. लंडनची केमिकल सोसायटी 1841 मध्ये उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. 1849 मध्ये त्यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ठेवलं. रोप ऑक्सिजन देणार, मासे कार्बन डायऑक्साइड. पण पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी नितळ झालं! 1850 मध्ये निबंध छापला, 1867 मध्ये ते गेले.

हिशेबात राहिलेली बाजू त्यांच्या मुलाने शोधली (नाव रॉबर्टच, गोंधळू नका). रॉथमस्टेडला मातीवर काम करताना त्याने दाखवलं की जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. तुमच्या फिल्टरमध्येही हेच चालतं. झाडं थोडं नायट्रेट घेतात, बाकीचं साचतं.

म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला: क्लोरीन काढायचं औषध घातलेलं, टँकइतक्याच तापमानाचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं थेट ओतू नका. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या, क्लोरीनने ते जिवाणू मरतात.